कंपनी वेगळी, कंटेंट सेम

ताटलीत टक् टक् टक् आवाज झाला आणि तीन गोळ्या पडल्या. मसुराएवढ्या, गोल, पांढऱ्या.

पडायला हवे होते दाणे. सहा महिने रोज सकाळी पावणेसातला, गॅसवर चहाचं आधण ठेवलं की औषध हळूहळू कमी करायचं म्हणून माझा हाच उद्योग चालला होता. स्टीलच्या ताटलीत काळा कागद घालायचा, कॅप्सूल दोन्ही चिमटींत धरून हलकेच पिळायची. टोपण सुटतं आणि राजगिऱ्यासारखे दाणे कागदावर पसरतात. जुन्या पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने दहा-दहाचे ढीग करायचे, एकोणसाठ दाणे मोजून टोपणात परत भरायचे आणि न चावता गिळायचे. उरलेले दाणे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत. पस्तीस वर्षं सहकारी बँकेत कॅश मोजलेल्या बाईला शंभर दाणे मोजायला दीड मिनिट पुरतं. चष्मा मात्र लागतो.

कचऱ्याच्या डब्याकडे निघालेलं खाकी पाकीट परत उघडलं. स्ट्रिप गुलाबीऐवजी निळी होती. नाव वेगळं होतं, खाली बारीक अक्षरांत व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ मात्र तेच, म्हणजे नैराश्य-घबराटीवरचं माझं औषध, साडेसदतीस मिलिग्रॅम. आदल्या संध्याकाळी मेडिकलवाल्याने नेहमीप्रमाणे पाकिटात घालून दिलं आणि मी नेहमीप्रमाणे न बघता पर्समध्ये टाकलं. डोक्याच्या गोळ्या काउंटरवर उलटसुलट करून कोण बघत बसतं? ‘काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत’ ही पाटी जिच्या डोक्यावर इतकी वर्षं लटकत होती, तिने असं करावं!

साडेनवाला दुकान उघडलं तेव्हा मी पायरीवर उभी होते.

“काकू, ती येत नाही आता. स्टॉकिस्टकडेच शॉर्ट आहे. काही फरक नाही हो, कंपनी वेगळी, कंटेंट सेम. आणि स्वस्त पडते तुम्हाला.”

हे वाक्य मी त्याच दुकानात आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी, माझ्या ॲसिडिटीसाठी, शेजारच्या काकांच्या शुगरसाठी शेकडो वेळा ऐकलं आहे. कधी खटकलं नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

ही गोळी मला २०१७ पासून आहे. त्या वर्षी आई गेली, त्यानंतर झोप गेली, त्यानंतर बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या छातीत धडधडून हातातल्या नोटा घामाने ओल्या व्हायला लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, ते १५० मिलिग्रॅमपर्यंत गेलं आणि मी माणसात आले. औषधाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगून टाकते. गोळ्या सोडल्या की मोठं शौर्य केलं असं मानणाऱ्यांतली मी नव्हे. पाच वर्षं बरी गेली, निवृत्ती आली, आता हळूहळू कमी करून बघूया असं डॉक्टर आणि मी मिळून ठरवलं, इतकंच.

हळूहळू का, ते मला २०१९ च्या पुराने शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, गोळ्या राहिल्या. निम्मी दुकानं पाण्याखाली, उरलेल्यांत ओआरएस आणि तापाच्या गोळ्यांसाठी रांगा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं. मान वळवली की डोळे पुढे जायचे आणि डोकं अर्धा क्षण मागे राहायचं. त्या अर्ध्या क्षणात कानांच्या आत झर्र असा झटका, जुनी ट्यूबलाइट लागताना लुकलुकते तसा. जिना उतरताना चारदा भिंत धरली. टीव्हीवर एका म्हातारबाबांना बोटीत घेताना दाखवलं आणि मला इतकं रडू आलं की बहिणीने टीव्ही बंद केला. सगळ्यांना वाटलं पुराचा धक्का. मलाही तसंच वाटलं. पाचव्या दिवशी गोळी मिळाली आणि सहाव्या दिवशी ‘पुराचा धक्का’ गेला. हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पाच तासांत मूळ औषध रक्तात निम्मं होतं, त्यापासून शरीरात जे बनतं तेही साधारण अकरा तासांत. म्हणून तर कॅप्सूलमध्ये ते हळूहळू सुटणाऱ्या दाण्यांच्या रूपात भरलेलं असतं.

कमी करायला लागल्यावर १५० वरून ७५ वर यायला फारसा त्रास झाला नाही. मी खूश. डॉक्टर नव्हते. त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक वक्ररेषा काढून दाखवली. मेंदूत ज्या जागी हे औषध बसतं, त्यातल्या सुमारे ८० टक्के जागा ७५ मिलिग्रॅमलाच भरलेल्या असतात. वरचं औषध काढलं तरी जागा फारशा रिकाम्या होत नाहीत. खाली मात्र उतार तीव्र होत जातो आणि शेवटच्या थोड्या मिलिग्रॅमला कडा असतो. २०१९ मध्ये हॉरोविट्झ आणि टेलर या दोघांनी ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात अशाच प्रकारच्या औषधांबद्दल हेच मांडलं होतं. म्हणून, डॉक्टर म्हणाले, कमी करायचं ते पहिल्या डोसाच्या ठरावीक टक्क्यांनी नको, दर वेळी जे शिल्लक असेल त्याच्या टक्क्यांनी करा.

हे ऐकून मला हसू आलं. हा तर घटत्या शिलकेवरचा घसारा! बँकेच्या फर्निचरवर आम्ही वर्षानुवर्षं असाच लावायचो. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी, मग त्र्याहत्तर, सहासष्ट, एकोणसाठ. या पद्धतीत खुर्ची कधीच शून्य होत नाही, शेवटी ताळेबंदात एक रुपया किमतीची म्हणून पडून राहते. एका दाण्याचा नव्वद टक्के दाणा कसा करायचा, हा प्रश्न मी तेव्हाच विचारला होता. “तिथपर्यंत पोहोचू तेव्हा बघू, ताई,” असं डॉक्टर म्हणाले.

दाण्यांचा हिशेब काटेकोर नसतो. मी दहा कॅप्सूल मोजल्या तेव्हा कुठे ९६ निघाले, कुठे १०७. माझ्यासारखीला हे सहन होणं कठीण, पण चालवून घेतलं. सराफाचा काटा असता तर वजनाने करता आलं असतं.

आणि आता ताटलीत तीन गोळ्या. साडेसदतीस भागिले तीन, म्हणजे एक गोळी साडेबारा मिलिग्रॅमची. माझे एकोणसाठ दाणे म्हणजे बावीस. एक घेतली तर खड्ड्यात, दोन घेतल्या तर पंचवीस. तुकडा करता येत नाही, कारण औषध हळूहळू सोडण्याचं काम गोळीच्या बांधणीवर असतं. मोडली की हिशेबच मोडला. म्हणजे कंटेंट सेम होता यात शंकाच नाही. पण माझ्याकडे शंभर पायऱ्यांचा जिना होता, तो रातोरात तीन पायऱ्यांचा झाला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन गोळ्या घ्या. पंचवीस म्हणजे तुमचे सहासष्ट दाणेच की, एक महिना मागे गेलात असं समजा. जुनी मिळेपर्यंत इथेच थांबा, काही कमी करू नका. आणि वहीत लिहीत जा.

वही ही माझी जागा. डाव्या रकान्यात तारीख, मग कंपनी, बॅच नंबर, किती घेतलं, झोपले कधी, उठले कधी, झटके किती. पहिले दोन दिवस रकाना कोरा. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला झटक्याने जाग आली. चौथ्या दिवशी सात. पाचव्या दिवशी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडले आणि घरी येऊन रडले. सहाव्या दिवशी अकरा झटके.

माझी गाडी अडली ती इथे. औषध मी आदल्या आठवड्यापेक्षा जास्त घेत होते, कमी नाही. मग हे काय?

बँकेत दिवसअखेर टॅली लागली नाही की आमचे हेड कॅशिअर फरकाला आधी नऊने भागायला सांगत. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. दोनाने भाग गेला तर जमेची नोंद नावे पडली असेल, फरकाच्या निम्मी रक्कम शोधा. नव्वद टक्के वेळा चूक अशी सापडते. पण एकाच दिवशी दोन चुका झाल्या की हे सगळे तोडगे बंद पडतात. फरक दोघींचा मिळून असतो आणि तो कुणाचंच नाव सांगत नाही. असे दिवस रात्री साडेनऊपर्यंत चालायचे आणि घरी गेल्यावर बोलणी बसायची ती वेगळीच.

माझ्याही खात्यात एकाच सकाळी दोन नोंदी बदलल्या होत्या, मात्रा आणि कंपनी. तिसरी नोंद मी लपवत होते. ती म्हणजे मी घाबरले होते.

पुण्याचा भाचा बी. फार्म. आहे, एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. त्याला वही वाचून दाखवली. तो म्हणाला, “आत्या, जेनेरिकला, म्हणजे मूळ कंपनीच्या औषधाची दुसऱ्या कंपनीने केलेली प्रत, तिला मूळ औषधाशी बरोबरी सिद्ध करावी लागते. ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत.” मी उडालेच. म्हणजे एक कंपनी ८० आणि दुसरी १२५ असू शकते? “नाही गं. सगळेच तो अर्थ काढतात. ती चौकट सरासरीची नाही, सरासरीभोवतीच्या अनिश्चिततेची आहे. ती पूर्ण चौकटीत बसायला सरासरी शंभराच्या बरीच जवळ लागते. अमेरिकेत दोन हजारांवर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, सरासरी फरक साडेतीन ते साडेचार टक्क्यांचा निघाला.” मग माझ्या झटक्यांचं काय? तो जरा थांबून म्हणाला, “पण दोन जेनेरिकची एकमेकांशी तुलना सहसा कुणी करत नाही. प्रत्येकाची मुळाशी. आणि चाचणी निरोगी माणसांवर होते. औषध सोडत असलेल्या माणसावर नाही.”

मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. त्या नंतर मी स्वतः शोधून वाचल्या.

पहिली अमेरिकेतली. ब्युप्रोपिऑन नावाचं नैराश्याचं औषध, दिवसाला एकदा घ्यायची ३०० मिलिग्रॅमची गोळी. २००६ च्या डिसेंबरात तिचं जेनेरिक मंजूर झालं. लवकरच लोक सांगू लागले की जुन्या गोळीवर आम्ही ठीक होतो, नवीवर झोप जाते, डोकं दुखतं, नैराश्य परत येतं. एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियंत्रण खात्याने, २००८ मध्ये उत्तर दिलं की नैराश्याचा आजारच असा, तो आपोआप वरखाली होतो. मात्र बरोबरीची चाचणी १५० च्या गोळीवर झाली होती आणि ३०० ची त्यावरून गृहीत धरली होती. एफडीएने शेवटी स्वतः ३०० ची तपासली, ती बरोबरीची निघाली नाही आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती बाजारातून गेली. कित्येक वर्षं लोकांना सांगितलं जात होतं की हे तुमच्या आजाराचं आहे.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. बघ, म्हटलं!

“थांब, दुसरी ऐक.” दुसरी न्यूझीलंडची, आणि औषध माझंच. तिथे सरकारी पैशाने मिळणाऱ्या व्हेन्लाफॅक्सिनचा ब्रँड बदलला आणि देशभरातल्या रुग्णांना नव्या जेनेरिकवर जावं लागलं. २०१८ मध्ये टीव्हीवर बातम्या आल्या की नव्या गोळीने लोकांना त्रास होतोय. त्यानंतर तक्रारी वाढल्या. ऑकलंडच्या संशोधकांनी त्या तक्रारी तपासल्या तेव्हा दिसलं की बातमीत ज्या त्रासांची नावं घेतली होती, तेच विशेष वाढले होते.

माझं भांडं परत कलंडलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. या दोन गोष्टींपैकी माझी कोणती? आणि मनाने होणारा झटका म्हणजे खोटा झटका असतो का? पहाटे साडेतीनला मी झोपेत होते, झोपेत काय ठरवून घाबरले? पण मग हेही आठवलं की झोपण्यापूर्वी मी ‘आज तिसरा दिवस, पुरात दुसऱ्या दिवशी सुरू झालं होतं’ असा हिशेब करत होते.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला अजिबात आवडली नाही. रिकाम्या स्ट्रिपा मी टाकत नाही. रबरबँड लावून वर्षवार ठेवते, बँकेची खोड. त्या काढून भिंगाखाली उत्पादकाची ओळ वाचली. ब्रँडचं नाव माझं, गुलाबी रंग तोच, पण २०२० पर्यंत कॅप्सूल बनत होती हिमाचलातल्या बद्दीला, एका नावाच्या कारखान्यात, आणि २०२१ पासून सिक्कीममध्ये, दुसऱ्याच कारखान्यात. विकणारा एक आणि बनवणारा दुसरा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. म्हणजे बनवणारा एकदा बदललाच होता आणि मला पत्ताही लागला नव्हता. ना झटका, ना रडू. भाच्याला सांगितलं तर तो हसायला लागला. मी मात्र माझी बाजू सोडली नाही. तेव्हा मी १५० वर होते, जिन्याच्या वरच्या रुंद पायऱ्यांवर. तिथे कुणी जरासं ढकललं तरी पाय घसरत नाही. आता मी कड्याशी होते. हे पटण्यासारखं आहे, पण सिद्ध होत नाही. आणि दाण्यांच्या जागी तीन गोळ्या असल्या की औषध सुटण्याची चालही वेगळी असणार, ही शंका राहतेच.

“तुला न सांगता कधी ही, कधी ती देऊन बघू का?” भाच्याने विचारलं. म्हटलं, अरे, मी रोज कॅप्सूल उघडून बघते, मला कसा फसवशील?

मेडिकलवाल्याकडे परत गेले, या वेळी तयारीने. औषध नियम १९४५, नियम ६५, पोटनियम ११ए. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध, चिठ्ठीवर लिहिलेलं सोडून दुसरं, आत घटक तोच असला तरी, परस्पर देता येत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर आहे, काकू. पण या नियमाने दुकान चालवलं तर निम्मी गिऱ्हाइकं हात हलवत परत जातील. डॉक्टर लिहितात एक, स्टॉकिस्ट पाठवतो दुसरं. मी मधला.” त्याचंही खोटं नव्हतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी ब्रँड न लिहिता औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. म्हणजे वर बसलेल्यांनाही नक्की काय हवंय ते ठरत नाही, तर या गल्लीतल्या माणसाला मी काय बोलणार? मी एवढंच म्हणाले की बदल करायचा तर कर बाबा, पण देताना तोंडाने सांग. पाकिटात घालून गुपचूप देऊ नकोस. त्यावर तो मात्र ओशाळला.

गुलाबी स्ट्रिपा अखेर पुण्यात मिळाल्या. भाच्याने सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांकडे चिठ्ठीचा फोटो घेऊन चकरा मारल्या आणि आठ स्ट्रिपा पाठवल्या, एकाच बॅचच्या, मुदत दीड वर्षाची. पार्सल आलं त्या दिवशी निळ्या गोळ्यांचा अठरावा दिवस होता. वहीत बघितलं तर बाराव्या दिवसापासून झटके कमीच होत आले होते. अकराचे सहा, सहाचे दोन. म्हणजे निळ्यांचीही सवय होत चाललीच होती. मग घाई कसली? पण दोन गोळ्यांवरून एकीवर उडी मारायची माझी हिंमत नव्हती आणि डॉक्टरांचीही.

सहासष्ट दाण्यांपासून परत सुरुवात केली. डॉक्टरांनी घातलेल्या अटी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. ज्या महिन्यात स्ट्रिप बदलेल त्या महिन्यात दाणे कमी करायचे नाहीत. बॅच बदलली तरी आठवडाभर थांबायचं. घरात लग्न, आजारपण, पूर, काहीही असेल तर थांबायचं. “एका वेळी एकच नोंद,” असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

टॅली मात्र लागली नाही. अठरा दिवसांतलं किती कंपनीचं, किती मात्रेचं, किती मनाचं, हे वहीवरून काढता येत नाही. अशा न जुळलेल्या रकमेला बँकेत सस्पेन्स खातं असतं. चूक सापडेपर्यंत रक्कम तिथे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काउंटर वेळेवर उघडायचा.

आज एकतीस दाण्यांवर आहे. होमिओपॅथीच्या दोन बाटल्या भरल्या, तिसरी निम्मी. परवा दोन कॅप्सूल ओल्या हाताने चिकटल्या, त्या वाया गेल्या म्हणून आठ स्ट्रिपांचा हिशेब पुन्हा मांडला. पुरणार नाहीत. संध्याकाळी दुकानात गेले तर मेडिकलवाल्याने मला बघताच खालच्या खणातून पाकीट काढलं, आणि काउंटरवर उघडून दाखवलं. गुलाबी.

“काकू, दोन आल्यात. तुमच्यासाठी बाजूला काढल्या. अजून किती महिने लागतील?”

“घसारा आहे रे तो,” मी म्हटलं, “सांगता येत नाही.” आणि स्ट्रिप उलटी करून, चष्मा लावून, बॅच नंबर वाचायला लागले. मागे दोघंजण खोळंबले होते.